ब्लूटूथवाला वजनकाटा, आठ महिने वापरून: तीन स्टार, त्यातला एक टॉवेलच्या पार्सलांसाठी

आधीच सांगते, काटा खराब नाही. वजन बरोबर दाखवतो, काच अजून फुटली नाही, सेल आठ महिन्यांत एकदाच बदलले. तरी तीनच स्टार देतेय आणि त्याचं कारण लांबलचक आहे, वेळ नसेल तर सरळ खाली जा, घ्यावा की नाही ते तिथं लिहिलंय. ब्रँडचं नाव मुद्दाम टाकत नाही कारण या किमतीतले दोन-तीन काटे मी मैत्रिणींकडे पण बघितले आणि सगळ्यांची तऱ्हा एकच आहे, वरचा लोगो तेवढा वेगळा.

तर मी २३ वर्षांची, सोलापुरात जुळे सोलापूरला राहते, सीए ऑफिसमध्ये आर्टिकलशिप (सीए होण्याआधीची उमेदवारी) करते. म्हणजे सकाळी दहाला खुर्चीत बसायचं आणि उठायचं कधी ते सरांना माहीत. गेल्या दसऱ्यानंतर चुलतभावाचा साखरपुडा होता बार्शीला, तिथं आत्यानं सगळ्यांसमोर माझी हनुवटी धरली आणि म्हणाली, "पोरगी चेहऱ्यानं लई गोड आहे, जरा उतरवलं की स्थळांची रांग लागतीय बघ." आणि हे म्हणता म्हणता माझ्या ताटात तिसरी जिलेबी टाकली. मी ती खाल्ली पण, आणि रात्री घरी येऊन दिवाळी सेलमध्ये हा काटा मागवला, १,०९९ रुपये, बँकेच्या कार्डवर शंभर कमी. लग्न मे महिन्यात होतं. सहा-सात महिने हातात होते, मी एक्सेल शीट उघडली, तारीख, वजन, फरक, रिमार्क असे चार कॉलम केले आणि लागले कामाला. आमच्या धंद्यात आकडा म्हणजे देव असतो ना, दहा रुपयांचा फरक आला तरी रात्री झोप येत नाही, तर मला वाटलं आता शरीराचा पण ताळेबंद जुळवून टाकू.

काटा दिसायला छान. काळी काच, चार कोपऱ्यांत चांदीसारख्या पट्ट्या, पेन्सिल सेलपेक्षा बारीक तीन सेल लागतात ते सोबत येतात. पहिला घोळ फरशीचा. आमच्या घरात पुढच्या खोलीत टाईल्स आणि मागं स्वयंपाकघरात जुनी शहाबादी फरशी आहे, सोलापुरात निम्म्या घरात असेल. शहाबादीवर काटा ठेवला तर ५९.८ आणि टाईल्सवर ठेवला तर ६०.६. आठशे ग्रॅमचा फरक! मी तीन दिवस शहाबादीवरच वजन केलं हे प्रामाणिकपणे सांगते. फरशी वर-खाली असली की काट्याचे चार पाय सारखे टेकत नाहीत आणि आकडा चुकतो, त्यामुळं सपाट टणक जागा बघा आणि रोज तीच जागा ठेवा. गालिच्यावर, सतरंजीवर तर अजिबात नको.

वजन खरं दाखवतो का ते मी तपासलं. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याकडून दहा किलो ज्वारी मोजून आणली होती, ती घेऊन काट्यावर उभी राहिले, मग ज्वारी खाली ठेवून उभी राहिले, फरक आला १०.०५. पन्नास ग्रॅम पिशवीचे आणि माझ्या डुलण्याचे धरा. म्हणजे वजनाला काटा पास.

आता खरी गंमत पुढं. हा काटा नुसतं वजन सांगत नाही, मोबाईलमध्ये अ‍ॅप आहे आणि त्यात फॅट किती टक्के, पाणी किती, स्नायू किती, हाडं किती, आणि सगळ्यात भारी म्हणजे 'शरीराचं वय' असे बारा-तेरा आकडे येतात. पहिल्या दिवशी मला सांगितलं फॅट ३३ टक्के, शरीराचं वय ३४. माझी आई ४७ ची, तिला सांगितलं ४५. आई दिवसभर खूष होती, मी आतल्या खोलीत जाऊन रडले.

हे आकडे येतात कुठून ते मी नंतर शोधलं, आधी शोधायला पाहिजे होतं. त्या चांदीच्या पट्ट्यांमधून एक अगदी बारीक करंट एका तळव्यातून आत जातो आणि दुसऱ्या तळव्यातून बाहेर येतो. अंगातल्या पाण्यातून करंट पटकन जातो, चरबीतून अडखळत जातो, किती अडखळला एवढंच काट्याला कळतं. बाकी सगळं तो तुमची उंची, वय, बाई की पुरुष हे घेऊन एका फॉर्म्युल्यात टाकून अंदाज काढतो. म्हणजे ते मोजमाप कमी आणि अंदाज जास्त. मी एकदा अ‍ॅपमध्ये स्वतःला पुरुष केलं, बाकी काही बदललं नाही, त्याच पायांनी त्याच मिनिटाला फॅट सात टक्क्यांनी उतरलं! आणि करंट दोन पायांमधून फिरत असल्यामुळं पोटाचं फारसं त्याला कळतच नाही. त्यात आमचं सोलापूर. एप्रिल-मेमध्ये पारा ४३-४४ ला जातो, ऑफिसवरून घामाघूम येऊन उभं राहिलं की अंगात पाणी कमी, करंट अडखळतो, काट्याला वाटतं चरबी वाढली. नळाला पाणी येतं त्या दिवशी तर मी पहाटे उठून वीस-पंचवीस बादल्या जिन्यावरून वर नेते, त्यानंतर वजन चारशे ग्रॅम कमी आणि फॅट दीड टक्का जास्त, असा चमत्कार मी स्वतः पाहिलाय. (पेसमेकर असेल किंवा गरोदर असाल तर हा करंटवाला काटा वापरू नका, ते माहितीपत्रकात अगदी बारीक अक्षरात आहे, मोठ्या अक्षरात पाहिजे होतं.)

वजनाचं पण तसंच. माझ्याकडं चार-पाच महिन्यांची शीट आहे, सकाळ आणि रात्र धरून, त्यामुळं हे मी ठामपणे सांगू शकते. सकाळी आणि रात्री मिळून माझ्यात सव्वा किलोपर्यंत फरक असतो. एक लिटर पाणी प्यायलं की एक किलो वाढलं, त्याला दुसरं नाव नाही. खारट खाल्लं की अंग पाणी धरून ठेवतं. पाळीच्या आधी चार-पाच दिवस माझं वजन एक-दीड किलोनं चढतं आणि पाळी आली की आपोआप उतरतं, दर महिन्याला, घड्याळ लावल्यासारखं. आणि डाएट सुरू केल्यावर पहिल्या आठवड्यात दोन किलो गेले म्हणून आपण नाचतो ना, ते बहुतेक पाणीच असतं. शरीर साखरेचा जो साठा ठेवतं त्याच्या एका ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी धरलेलं असतं, भाकरी-भात बंद केला की साठा संपतो, पाणी निघून जातं, पुन्हा दोन भाकऱ्या खाल्ल्या की पाणी परत. आपल्याला वाटतं दोन भाकऱ्यांनी एक किलो वाढवला.

बीएमआय पण दाखवतो, म्हणजे उंचीच्या मानानं वजन किती त्याचा आकडा. माझी उंची १५८ आणि वजन ६०.५, म्हणजे बीएमआय २४.२. या अ‍ॅपनं हिरवा रंग दाखवला, नॉर्मल. मग मी दुसरं एक अ‍ॅप टाकलं त्यात देश भारत निवडला तर तोच आकडा पिवळा, ओव्हरवेट. एका रात्रीत जाड झाले की मी! कारण असं आहे की बाहेर बहुतेक ठिकाणी २५ च्या पुढं ओव्हरवेट धरतात, आपल्याकडं २३ पासूनच धरतात कारण आपल्या लोकांना कमी वजनातच शुगर आणि पोटाच्या चरबीचा त्रास सुरू होतो, ते खोटं नाही. पण हा फॉर्म्युला मुळात काढला तो एकोणिसाव्या शतकातल्या क्वेटले नावाच्या बेल्जियमच्या गणितज्ञानं, त्याला लोकसंख्येचा सरासरी माणूस कसा असतो ते बघायचं होतं, एकेका पोरीला ती जाड का बारीक ते सांगायचं नव्हतं. बीएमआय हे नाव १९७२ मध्ये अन्सेल कीज नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानं दिलं, त्याचा अभ्यास पण पुरुषांवरचा. कीजचं नाव लक्षात ठेवा, पुढं परत येणार आहे.

आता अ‍ॅपची तक्रार, जी मी कंपनीला मेल करून पण कळवली, उत्तर आलं "आपल्या प्रतिक्रियेबद्दल धन्यवाद". वजन उतरलं की स्क्रीनवर रंगीत कागद उडतात आणि 'अभिनंदन' येतं. डिसेंबरमध्ये मला जुलाब लागले, दोन दिवस नुसतं ताक आणि मऊ भात, तिसऱ्या दिवशी भिंत धरून काट्यावर उभी राहिले तर १.९ किलो कमी. कागद उडाले. अभिनंदन. आणि मला आनंद झाला. हे लिहायला लाज वाटते पण झाला, इतका की मनात आलं अजून एक दिवस राहिले असते जुलाब तर काय बिघडलं असतं. काट्याला जुलाब आणि व्यायाम यातलं काही कळत नाही हे ठीक आहे, मशीन आहे ते, पण अभिनंदन कशाचं करतोय हे माहीत नसेल तर करू नये माणसानं.

खाण्याचं सांगते. दुसऱ्या त्या अ‍ॅपनं मला दिवसाला १,२०० कॅलरीचं टार्गेट दिलं. मी भाकरी बंद केली. सोलापुरात राहून कडक भाकरी बंद म्हणजे काय ते बाहेरच्यांना कळणार नाही, आमच्याकडं शेंगाचटणी, दही आणि कडक भाकरी घरात असली की कुणी उपाशी राहत नाही. चटणी अ‍ॅपमध्ये टाकायला गेले तर 'पीनट चटणी' म्हणून इडलीबरोबरची पातळ चटणी येते, आपली उखळात कुटून तेल सुटलेली कुठली यायला. धपाटं टाकलं तर 'फ्लॅटब्रेड'. मग मी आईच्या चटणीचा एक चमचा किती ग्रॅम ते मोजायला लागले, आई बघत होती, काही बोलली नाही, फक्त डबा माझ्या हातातून घेऊन झाकण लावून ठेवला. शेंगदाण्याला शंभर ग्रॅमला साडेपाचशेच्या वर कॅलरी असतात हे खरंय, पण त्यातच पंचवीसेक ग्रॅम प्रोटीन पण असतं, आणि ते अ‍ॅपच्या दुसऱ्या पानावर असतं जिथं मी कधी गेलेच नाही.

दिवसभर मी साधू असायचे. काळी कॉफी, काकडी, ऑफिसमध्ये सगळे समोसे मागवायचे तेव्हा मी "माझं झालंय" म्हणायचे. आणि रात्री साडेअकराला सगळे झोपले की स्वयंपाकघरात लाईट न लावता उभ्या उभ्या चटणीचा डबा. चमचा पण नाही, वाटी पण नाही, सकाळची शिळी भाकरी मोडून तोंडात, भाकरी कडक असल्यानं कडाकड आवाज यायचा म्हणून तोंडात धरून भिजवून खायचे. पाऊण डबा संपायचा. मग सकाळी काटा, आणि त्या दिवशी काकडी पण बंद. आणि परत रात्री डबा. मला वाटायचं मी खादाड आहे, मला कंट्रोल नाही.

इथं कीज परत येतो. १९४४-४५ मध्ये त्यानं मिनेसोटामध्ये ३६ तरुण, धडधाकट पुरुषांना सहा महिने निम्म्याच्या आसपास जेवणावर ठेवलं होतं, युद्धात उपासमार झालेल्या लोकांना परत कसं खाऊ घालायचं ते शोधायला. ते पुरुष काय करायला लागले? दिवसरात्र जेवणाचाच विचार, पाककृतीची पुस्तकं वाचणं, ताट चाटूनपुसून घेणं, चिडचिड, थंडी वाजणं, आणि प्रयोग संपल्यावर काही जण पोट फुगेपर्यंत खात सुटले. त्यांना दिवसाला दीड हजाराच्या वर कॅलरी मिळत होत्या. मला माझं अ‍ॅप १,२०० सांगत होतं आणि मी हजारात भागवायचे! आणि वर रात्री अर्धा तास रीलवर पुरणाचे व्हिडिओ बघायचे. मी खादाड वगैरे काही नव्हते, मी उपाशी होते, इतकं साधं होतं ते.

फेब्रुवारीत पाळी पंचवीस दिवस लांबली आणि जिना चढताना डोळ्यापुढं अंधारी आली तेव्हा आई ओढत डॉक्टरांकडं घेऊन गेली. मी आत गेल्या गेल्या काटा शोधला आणि चप्पल काढायला लागले. मॅडम म्हणाल्या, "वजन नंतर बघू, काल सकाळपासून काय काय खाल्लंस ते सांग." मी सांगत गेले आणि माझी यादी इतक्या लवकर संपली की मलाच कसंतरी झालं. हिमोग्लोबिन ९.१ निघालं, बायकांना बारा तरी पाहिजे. मॅडम म्हणाल्या यात विशेष काही नाही, रोजच्या येतात अशा, आणि खरंच आहे, २०१९-२१ च्या सरकारी कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायका रक्त कमी असलेल्या निघाल्या. निम्म्याहून जास्त! आणि आम्ही सगळ्या काट्यावर. लोहाच्या गोळ्या दिल्या, चहाबरोबर घ्यायच्या नाहीत म्हणाल्या, लिंबू पाण्याबरोबर चालतील, आणि अंगाला पुरेसं मिळालं नाही की पाळी लांबते, ते पहिलं ठीक करू. वजन केलंच नाही त्यांनी त्या दिवशी. मला चुकल्यासारखं वाटत राहिलं.

एवढं होऊन पण मी काटा बंद केला नाही. बंद केला तो मार्चमध्ये आणि ते माझ्यामुळं नाही.

माझी धाकटी बहीण बारावीला होती. तिची परीक्षा संपली त्या आठवड्यात मी अ‍ॅप उघडलं तर वर 'युजर २' म्हणून कुणीतरी. मला वाटलं आई असेल. उघडून बघते तर उंची १५५, वय १७. एका दिवसात अकरा वेळा वजन. पहाटे ५:४० ला पहिलं आणि रात्री ११:५२ ला शेवटचं. ४९.३, ४९.६, ४९.४, असं. बाथरूमला जायच्या आधी एक, जाऊन आल्यावर एक. तिचं शरीराचं वय काट्यानं सांगितलेलं १९ आणि त्याच्या पुढं लाल बाण. सतरा वर्षांच्या पोरीला लाल बाण! क्लासला नेलेल्या डब्यातली भाकरी ती रोज पार्किंगमधल्या कुत्र्याला घालायची हे मग कळलं, कुत्रं लई गुटगुटीत झालं होतं म्हणे.

मी तिला ओरडायला गेले. माझा आवाज पण चढला होता. ती पलंगावर बसून केस विंचरत होती, वर न बघता म्हणाली, "ताई, तू पण करूलालीस की."

काय बोलणार.

त्या रात्री मी एक्सेल उघडली, डिलीटच करणार होते, तर रिमार्कचा कॉलम दिसला. आतापर्यंत मी तो उभा असा सलग वाचलाच नव्हता, रोज एक ओळ लिहायचे आणि बंद. "६१.२, लाज वाटू दे." "६१.९, गड्ड्यावर (आमची संक्रांतीची सिद्धेश्वराची जत्रा) गिळलीस ना, आता भोग." "६०.१, एवढंच?" "५९.४, चेहरा बघ कसा दिसतोय, तरी पोट आहेच." म्हणजे वाढलं तरी शिव्या आणि उतरलं तरी शिव्या, चार महिन्यांत एक बरी ओळ नाही. आणि माझ्या डोक्यात आलं की हे धाकटीनं वाचलं असेल तर? शीट घरच्या लॅपटॉपवर होती, पासवर्ड नाही. मी ती झोपली होती तिकडं बघून "लाज वाटू दे" असं मनात म्हणून बघितलं. नाही येत म्हणता. ४९ किलोच्या पोरीला काय, ९० किलोची असती तरी नसतं आलं.

आमच्या ऑफिसमध्ये एखाद्या क्लायंटचा खर्च अचानक वाढला तर आम्ही रिमार्कमध्ये शिव्या लिहीत नाही, व्हाउचर मागतो, म्हणजे खर्चाचा कागद. "वाढीचे कारण नमूद करावे." बास. कारण बरोबर असलं की टिक करून पुढं. मी रात्री एक वाजेपर्यंत बसून तो कॉलम खोडला आणि त्या जागी 'व्हाउचर' लिहिलं. १६ जानेवारी, ६१.९: आदल्या दोन-तीन दिवसांत भोगीची भाजी, बाजरीची भाकरी लोण्याबरोबर, जत्रेतला अक्षता सोहळा बघून गड्ड्यावर भजी आणि उसाचा रस, मैत्रिणींबरोबर दहा तास पायी, पाळी २० ला आली. खर्च मंजूर. ८ नोव्हेंबर, ६१.२: दिवाळीनंतरचा आठवडा, आजीनं केलेल्या शेंगापोळ्या, आजी म्हणाली होती "वाळलीस की गं, खा". मंजूर. काही व्हाउचर सापडलीच नाहीत, तिथं मी फक्त "माहीत नाही" लिहिलं, आणि त्यानं आभाळ कोसळलं नाही.

सायकॉलॉजी शिकणारी माझी एक मैत्रीण आहे, तिला हे सांगितलं तर म्हणाली याला सेल्फ-कम्पॅशन म्हणतात, क्रिस्टिन नेफ नावाच्या अमेरिकन बाईनं २००३ मध्ये ते मोजायची प्रश्नावली पण केलीय. त्यात तीन गोष्टी, स्वतःशी नीट बोलणं, हे फक्त माझ्याच वाट्याला आलेलं नाही हे ध्यानात ठेवणं, आणि जे वाटतंय ते दाबायचं पण नाही आणि फुगवायचं पण नाही. मी म्हटलं हे सगळं ठीक आहे गं पण स्वतःचे लाड केले तर माणूस सुटतो की, शिस्त कुठं राहते. यावर तिनं सांगितलं ते मला फार आवडलं. २००७ मध्ये अ‍ॅडम्स आणि लिअरी या दोघांनी कॉलेजच्या मुलींना आधी एक डोनट खायला लावला, त्यात डाएट करणाऱ्या, खाल्लं की मनाला लावून घेणाऱ्या मुली पण होत्या. काही जणींना नंतर एवढंच सांगितलं की सगळेच खातात असं कधीतरी, स्वतःला फार बोल लावू नका. मग सगळ्यांना चव बघायला म्हणून गोळ्या-चॉकलेट दिली. डाएटवाल्यांमध्ये ज्यांना ते दोन शब्द सांगितले होते त्यांनी कमी खाल्लं. न सांगितलेल्या डाएटवाल्या जास्त खात सुटल्या, "आता मोडलंच आहे तर" म्हणून. माझा रात्रीचा चटणीचा डबा म्हणजे हेच की! दुपारी अर्धा समोसा खाल्ला की त्या रात्री डबा पाऊण व्हायचा.

आता माझं सगळं ठीक झालंय असं सांगणार नाही. लग्नात ब्लाउज शिवायला गेले तेव्हा टेलर मावशींनी टेप गुंडाळून आकडा मोठ्यानं वहीवालीला सांगितला आणि मला तो पुढं दोन दिवस ऐकू येत होता. पण मावशी पुढं म्हणाल्या ते पण सांगते, "दंडात पाव इंच ढिला ठेवते, जेवायचंय ना लग्नात?" तेवढ्यावर ब्लाउज घालून मी पंगतीत बसले. आत्या भेटली, म्हणाली "अगं होतीस तशीच आहेस की", मी म्हटलं हो, हिमोग्लोबिन ११.४ झालंय पण. तिला काही कळलं नाही.

धाकटीचं अजून चालूच आहे थोडं. आम्ही दोघींनी मिळून सेल काढून आईच्या मसाल्याच्या डब्यामागं ठेवले, ती म्हणाली आठ दिवस तिला हात तुटल्यासारखं व्हायचं सकाळी उठल्यावर. आता ती भाकरी खाते, कुत्रं नाराज आहे. पण कुणाच्या घरात याच्या पुढची गोष्ट असेल, खाऊन ओकणं, पाळी महिनोन्महिने बंद, जेवणाची भीतीच बसलेली, तर ते काटा लपवून भागणार नाही, डॉक्टरांना आणि समुपदेशकांना दाखवा. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाईनचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं.

तर घ्यावा का. घरात कुणाला हृदयाचा, किडनीचा त्रास असेल आणि अंगात पाणी साठतंय का ते रोज बघायला डॉक्टरांनी सांगितलं असेल, तर जरूर घ्या, वजन चोख दाखवतो. पण मग साधा सातशे रुपयांवालाच घ्या की, करंट आणि अ‍ॅपचे पैसे कशाला. वजन कमी करायचंच असेल, डॉक्टरांनी सांगितलं असेल, तर आठवड्यातून एकदा, सकाळी, त्याच फरशीवर, आणि आकड्यापुढं व्हाउचर. घरात वयात येणारी पोरगी असेल तर हा काटा हॉलमध्ये ठेवू नका, आणि अ‍ॅपमध्ये दुसरे युजर कोण आहेत ते कधीतरी उघडून बघा. अ‍ॅपला एक स्टार पण देणार नाही. वजनाला दोन देते.

तिसरा स्टार बाबांचा. बाबांचं टॉवेल-नॅपकिनचं होलसेल आहे, बाहेरगावी पार्सलं जातात. एप्रिलमध्ये त्यांनी मसाल्याच्या डब्यामागून सेल शोधून काढले, पार्सल हातात घेऊन काट्यावर उभे राहिले, मग नुसते उभे राहिले, आणि मला म्हणाले वजाबाकी कर. ५.१५ किलो. कुरिअरवाल्याच्या पावतीवर ५.६०. मागच्या महिन्याच्या तसल्याच पार्सलांच्या सगळ्या पावत्या घेऊन बसलो आम्ही दोघं, प्रत्येकात तीनशे-चारशे ग्रॅम जास्त. आता रोज संध्याकाळी पार्सलं मोजून शीटमध्ये जातात, तीच शीट, तेच चार कॉलम. एक अडचण आहे, पाच किलोच्या खालचं पार्सल नुसतं ठेवलं तर काटा जागाच होत नाही, कुणालातरी ते घेऊन उभं राहावं लागतं. बाबा दोन वेळा चढतात-उतरतात, स्वतःचं ८४ की ८५ ते वाचतात, कागदावर लिहितात, वजा करतात आणि विसरतात.